काळ्या डागाला घाई नको

ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, याचा आनंद आहेच. पण नुकतीच उल्हासनगरातली एक जुनी लॅब बंद पडली. तुकड्यांचे पातळ काप करणारा मायक्रोटोम भंगारात गेला, तिथे सॅम्पल घेण्याचं केंद्र आलं. मी पॅथॉलॉजिस्ट, मला ते फार लागलं.

मेयो क्लिनिकमध्ये १९०५ साली विल्सन यांनी फ्रोझन सेक्शनची, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून तपासण्याची, पद्धत बसवली, परळच्या टाटा हॉस्पिटलात १९४१ पासून डॉ. खानोलकरांनी पॅथॉलॉजीची घडी बसवली. हे सगळं पुस्तकांत आहे. मी जगले ते २००५ नंतरचं भारनियमनाचं दशक. तुकडा गोठवून कापणाऱ्या क्रायोस्टॅटला उणे वीस अंश लागतात, आणि आमच्याकडे दिवसातून कित्येक तास वीजच नसायची. तरी एका खासगी रुग्णालयाने मशीन आणलं आणि ‘वीस मिनिटांत कॅन्सरचं निदान’ अशी पाटी लावली. स्तनाच्या गाठीला ते ठीक. मेलानोमाला, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याच्या पेशींच्या कर्करोगाला, नाही.

बदलापूरच्या एक मावशी आल्या होत्या. तळपायाला कुरूप झालंय म्हणून वर्षभर पट्ट्या लावत होत्या. आपल्याकडे हा कर्करोग बऱ्याचदा तळपायावरच निघतो. थिएटरमधून फोन आला, “मॅडम, फ्रोझन देता ना?” मी म्हटलं, “नाही, फॉर्मॅलिनमध्ये टाका.” सर्जन चिडले.

कारण साधं आहे. कातडी गोठवली की बर्फाचे स्फटिक होतात आणि साध्या पेशींभोवतीही पोकळ्या दिसतात. मग रंगद्रव्याची पेशी कुठली, शेजारची कुठली, हेच कळेनासं होतं. शिवाय ब्रेस्लोने १९७० साली सांगितलेली मेलानोमाची खोली मिलिमीटरमध्ये नीट मोजता येत नाही. आणि भोवतालची किती कातडी काढायची, एक सेंटिमीटर की दोन, हे तर त्या खोलीवरच ठरतं. एकदा गोठवलेला तुकडा नंतर पॅराफिनमध्येही धड राहत नाही.

चौथ्या दिवशी रिपोर्ट दिला. तेच सर्जन लॅबमध्ये येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. पुढची शस्त्रक्रिया आम्ही दोघांनी मिळून ठरवली.

ते बसणंच आता संपलं. नमुन्याची बाटली मुंबईला जाते, फॉर्मवर नुसतं ‘स्किन’ लिहिलेलं असतं. तळपाय की पाठ, डाग कधीपासून, काही नाही. स्लाइड वाचणाऱ्याने विचारायचं कुणाला? अंबरनाथच्या महाविद्यालयात क्रायोस्टॅट जरूर यावा, पण त्याआधी पूर्ण वेळ पॅथॉलॉजिस्ट, चांगला टेक्निशियन आणि सर्जनला जिना उतरून जाता येईल अशी हिस्टोपॅथॉलॉजीची लॅब हवी.