चांदीच्या नॅनोतारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइलच्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळतो तो त्यावरच्या पारदर्शक वीजवाहक थरामुळे. हा थर बहुतेक वेळा इंडियम टिन ऑक्साइडचा, म्हणजे आयटीओचा असतो. त्याला पर्याय म्हणून चांदीच्या नॅनोतारांच्या जाळीचे नाव निघाले की दोन टोकाची मते ऐकू येतात. कुणी म्हणते, धातूतून उजेड जाणारच नाही. कुणी म्हणते, आयटीओचे दिवस भरले. दोन्ही मते पुराव्यावर टिकत नाहीत.

गैरसमज १: धातू पारदर्शक होऊच शकत नाही.
चांदीचा अखंड पत्रा उजेड अडवतो, हे खरेच; पण इथे पत्रा नसतोच. २० ते १०० नॅनोमीटर जाडीच्या तारा आडव्यातिडव्या पसरलेल्या असतात. त्यांची लांबी जाडीच्या शेकडो पट असल्याने पृष्ठभागाचा जेमतेम काही टक्के भाग झाकूनही त्या विजेला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट करून देतात. चांदी आयटीओपेक्षा कितीतरी पट चांगली वाहक, म्हणून एवढ्याशा धातूवर भागते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये द्रावणातून अशी जाळी पसरवून ती आयटीओच्या तोडीची ठरू शकते, हे दाखवले. यावर धूसरपणाचा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे, कारण जाड तारा प्रकाश विखुरतात. तारा बारीक केल्या की धूसरपणा घटतो, पण चांदीतला इलेक्ट्रॉन सरासरी ५० नॅनोमीटर बिनअडथळा जातो; तार त्याहून बारीक झाली की तो तिच्या पृष्ठभागावर आदळू लागतो आणि रोध वाढतो. म्हणून तारेची जाडी कामानुसार ठरवावी लागते. पडद्याला विखुरलेला प्रकाश नको असतो, सौरघटाला मात्र तो उपयोगी पडू शकतो.

गैरसमज २: इंडियम दुर्मीळ आणि चांदी मुबलक, म्हणून हा बदल.
भूकवचात या दोन्ही धातूंचे प्रमाण जवळपास सारखेच, अत्यल्प आहे. इंडियम मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणात उपउत्पादन म्हणून मिळते, त्यामुळे त्याचा पुरवठा जस्तावर अवलंबून असतो, एवढे खरे. नॅनोतारांचा खरा फायदा वेगळाच आहे. आयटीओचा थर निर्वात कक्षात चढवावा लागतो आणि उत्तम वाहकतेसाठी लागणारी उष्णता प्लॅस्टिकला सोसत नाही. शिवाय तो ठिसूळ असल्याने काही टक्के ताणातच त्याला तडे जातात. नॅनोतारांचे द्रावण मात्र शाईसारखे प्लॅस्टिकच्या फिल्मवर पसरवता येते आणि जाळी फिल्मबरोबर वाकते. एका चौरस मीटरला चांदी लागते ती मिलिग्रॅममध्ये.

गैरसमज ३: चांदी आहे म्हणजे टिकणारच.
खरी परीक्षा इथेच आहे. या तारा बहुधा सिल्व्हर नायट्रेट, एथिलीन ग्लायकॉल आणि पीव्हीपी नावाच्या बहुवारिकापासून बनवतात. पीव्हीपीचा पातळ लेप तारांवर राहतो आणि दोन तारा एकमेकींवर टेकतात त्या सांध्यात वीज अडवतो. म्हणून उष्णता, दाब किंवा प्रकाशाचा झोत देऊन सांधे जुळवावे लागतात. हे बेतानेच करावे लागते, कारण चांदीचा वितळणबिंदू ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास असला तरी इतक्या बारीक तारा २०० ते ३०० अंशांतच तुटून थेंब होतात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी पैंजण काळवंडते तेव्हा पुसून भागते. इथे तेवढ्याच जाडीच्या गंजात अख्खी तार संपते. झिंक ऑक्साइडसारख्या पातळ कवचाने आयुष्य वाढते, पण त्याबरोबर एक प्रक्रिया आणि तिचा खर्चही वाढतो.

तेव्हा सपाट काचेच्या पडद्यावरून आयटीओ हटवण्याचे सबळ कारण आज दिसत नाही. वाकणारे पडदे, लवचीक सौरघट आणि पारदर्शक हीटर ही नॅनोतारांची हक्काची जागा आहे. यापुढे ‘आयटीओला पर्याय सापडला’ अशी बातमी वाचाल तेव्हा पारदर्शकतेच्या टक्केवारीवर थांबू नका. धूसरपणा किती, किती वेळा वाकवून रोध मोजला आणि दमट हवेत जाळी किती दिवस टिकली, हे तीन आकडे आधी शोधा.