सातपुड्यातील सायकलवाट
नरडाण्याहून सातपुड्यात सायकलने जाऊन तंबूत राहण्याचा बेत करणाऱ्याने आधी पंचांग पाहावे, सायकल नंतर. शाळा-महाविद्यालयांची मोठी सुटी मे महिन्यात येते. पण तेव्हा साग निष्पर्ण झालेला असतो, ओढे आटलेले असतात आणि पाचोळ्याला एक ठिणगी पुरते. म्हणून आमचे मत दिवाळीच्या सुटीकडे झुकते. आगगाडीने दोंडाईचा गाठावे, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहाद्यास यावे आणि तेथून सुमारे ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळची वाट धरावी. घाटात सायकल ढकलावी लागली, तर त्यात कमीपणा कसला!

तंबूचा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे वा आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा आहे. वन खात्याची लेखी अनुमती खिशात असली, तरी ते रान निर्मनुष्य नव्हे. पावरा-भिल्लांची शेते, गुरे व पाणवठे तेथेच आहेत. तेव्हा खुंटी ठोकण्यापूर्वी पाड्यावरील जाणत्यास जागा विचारावी. त्याने दाखवलेली जागा ओढ्यापासून दूर असेल, तर पाणी खांद्यावरून वाहावे. ओढ्यावर सायंकाळी गुरेही येतात.