देव, गावकी आणि तिकीट

माणसं नीतीने का वागतात यावर शिकलेले लोक गीतेपासून सुरुवात करतात. मी एसटीत कंडक्टर होतो, म्हणून सुट्ट्या पैशांपासून करतो. अलिबाग–रेवदंडा–मुरूड या रस्त्यावर आणि मधली काही वर्षं श्रीवर्धनकडे माझी नोकरी झाली. बहुतेक फेऱ्यांना एखादा प्रवासी तरी खाली वाकून हळूच म्हणायचा, "मास्तर, दहा ठेवा, तिकीट राहू द्या."

हिशेब सोपा होता. तिकीट पंधराचं. त्याचे पाच वाचले, माझ्या खिशात दहा आले. बुडालं ते महामंडळ, आणि महामंडळ कोणी डोळ्यांनी पाहिलंय? ड्रायव्हरच्या समोर गणपतीचा फोटो, त्याला ताजा हार, बाजूला उदबत्तीची राख. पण तिकीट न फाडणाऱ्याला त्या गणपतीची अडचण झालेली मी कधी पाहिली नाही. भीती असायची ती लाइन चेकिंगची. पुढच्या वळणावर जीप उभी दिसली की बिनतिकिटाचा प्रवासी आणि पैसे खाल्लेला कंडक्टर दोघांनाही एकाच वेळी घाम फुटतो.

तपासनीस मात्र रोज भेटत नाही. रोज भेटायची ती बोडणीची, कोर्लईची, थळची मासळीवाली. टोपलीचं लगेज धरून पैसे मोजून हातावर ठेवायची आणि हात तसाच पुढे. "पैशे घेतलंस ना? मग तिकीट दे की रे." तिला माझ्या नीतीशी काही घेणंदेणं नव्हतं. तपासनीस चढला तर दंड आपल्याला बसेल, एवढंच तिला कळत होतं. पण तिच्या त्या पुढे केलेल्या हातामुळे माझ्याकडून तिकीट फाडलंच जायचं. प्रवाशाने पैसे भरले याचा पुरावा म्हणून सगळे तिकीट जपतात. कंडक्टरने पैसे महामंडळाला दाखवले याचाही तोच पुरावा असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. तिकीट मागणारा प्रवासी हा फुकटचा तपासनीस असतो. आधी ट्रेमधली रंगीत तिकिटं होती, टप्प्याप्रमाणे पंच मारायचा. नंतर मशीन आलं. मशीन आल्यावर हिशेब चोख झाला, पण मशीनचं बटण न दाबता पैसे घेणं काही मशीनला थांबवता येत नाही. तिथे शेवटी ती मासळीवालीच लागते.

आता हजार वर्षं मागे जाऊ, गाडी त्याच रस्त्यावर ठेवून. अलिबागहून निघालं की नागावच्या अलीकडे अक्षी लागतं. तिथला शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा. शिलाहार राजा केसिदेवाच्या काळात महालक्ष्मीच्या बोडणासाठी, म्हणजे देवीच्या विधीसाठी, धान्य लावून दिल्याची ती नोंद आहे. कितीतरी वर्षं तो दगड रस्त्याच्या कडेला उपेक्षित पडून होता. मी स्वतः त्याच्या जवळून शेकडो वेळा गेलो असेन, तेव्हा 'अक्षी स्टॉप' यापलीकडे मला त्याचं काही माहीत नव्हतं.

शिलाहारांच्या काळातले दानाचे पुष्कळ दगड कोकणात सापडतात. त्यांतल्या एका जातीला गधेगाळ म्हणतात. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालेल. मध्ये मजकूर. खाली गाढवाचं असं चित्र, की दान मोडणाऱ्याच्या आईला घातलेली ती दगडी शिवी आहे. एवढी घाण शिवी राजाच्या नावाने कोरावी लागली, यावरून एक गोष्ट उघड होते: दान मोडणारे होते, आणि त्यांना पकडायला राजाचा शिपाई प्रत्येक गावात पोचत नव्हता. मग पहाऱ्याला चंद्र-सूर्य बसवले. त्यांना पगार नाही, रजा नाही, बदली नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आरा नोरेनझायन यांनी 2013 च्या आपल्या 'बिग गॉड्स' या पुस्तकात नेमकी हीच बाजू मांडली आहे. छोट्या टोळीत सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे सगळं पाहणाऱ्या देवाची फारशी गरज पडत नाही. पण वस्ती वाढली, अनोळखी माणसांशी व्यवहार सुरू झाला, की 'वरून कोणीतरी बघतोय' हा विश्वास कामाला येतो. अनोळखी माणूसही त्याच देवाला भीत असेल तर त्याला उधार देता येतं. हा विचार सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण अक्षीपासून चौल हाकेच्या अंतरावर, हे लक्षात घेतलं की तो मला पटतो. चौल म्हणजे जुनं मोठं बंदर. अरब प्रवासी अल मसूदी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या माणसांशी रोजचा व्यापार करणाऱ्या किनाऱ्यावर शपथ आणि शाप यांना मोल असणारच.

या किनाऱ्याचं उलटं उदाहरणही आहे. नवगावजवळ जहाज फुटून आपले पूर्वज इथे आले, असं बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे धर्मगुरू नव्हता, ग्रंथही नव्हते. तरी शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. वरून तपासायला कोणी नसताना नेम टिकला. माझा अंदाज असा की गावाने ठेवलेलं ते नावच त्यांचा नेम राखत आलं. शनिवारी घाणा फिरला असता तर पहिला प्रश्न शेजारच्या आगऱ्यानेच विचारला असता.

डोळ्यांच्या धाकाची गंमत विज्ञानानेही करून पाहिली आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात चहा-कॉफी घ्या आणि डब्यात आपणहून पैसे टाका, अशी सोय होती. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दरपत्रकावर एक आठवडा फुलांचं चित्र, एक आठवडा माणसाच्या डोळ्यांचं चित्र, असं आलटून पालटून लावलं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा हा परिणाम इतका ठाम दिसला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. एका स्टँडच्या मागच्या भिंतीवर लघवी थांबवायला सर्व धर्मांच्या देवांच्या टाइल्स लावल्या होत्या. टाइल्सखालची भिंत कोरडी ठणठणीत. शेवटची टाइल संपते तिथून पुढे भिंत ओली. देवाचा धाक दीड फूट रुंद होता.

आणि दिवेआगरला तर देवच चोरीला गेला. नोव्हेंबर 1997 मध्ये तिथल्या एका वाडीत खोदताना तांब्याची पेटी निघाली, आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. त्या गणपतीने दिवेआगरला पर्यटक दिले, खानावळी दिल्या, एसटीला जादा गाड्या दिल्या. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला. दोन पहारेकरी जिवानिशी गेले, मुखवटा वितळवला गेला. दरोडेखोर पकडले गेले, 2017 मध्ये शिक्षा झाल्या, आणि 2021 मध्ये नवा मुखवटा बसला. त्या काळात गाडीत एकच वाक्य फिरत होतं, "देवानं बघितलं नसंल का?" मला मात्र त्या दोन पहारेकऱ्यांचीच आठवण यायची. देवाचा पहारा करणारी ती माणसं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी नव्हतं. आता बहुतेक देवळांत दानपेटीवर कॅमेरा असतो. श्रद्धाळू माणसाला त्यात काही खटकत नाही, मलाही नाही.

दिवेआगरहून समुद्राला धरून खाली गेलं की शेखाडी. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघीला आणि शेखाडीला चोरटा माल उतरला. शेखाडीला उतरलेल्या मालात मुंबईच्या स्फोटांचं आरडीएक्स होतं. 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. खटल्यात पुढे जे सिद्ध झालं ते या किनाऱ्याने विसरू नये: पाळत ठेवायला नेमलेल्या कस्टम आणि पोलिसांतल्या काहींनीच पैसे घेऊन माल जाऊ दिला. माणसं कमी नव्हती, चौक्या होत्या, वर्दी होती. वर्दीला 'तिकीट दाखव' म्हणणारं कोणी नव्हतं. उलट ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारस बोट लागली, तिच्यात एके-47 रायफली होत्या, तेव्हा पोलिसांना खबर दिली ती किनाऱ्यावरच्या लोकांनी. ज्यांना रोज तोच समुद्र बघायचा असतो त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

कोळीवाड्यांचं थोडं वेगळं. पूर्वी पावसाळ्यात होड्या ओढायच्या त्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच पाण्यात घालायच्या. सरकारची बंदीही आधी 10 जून ते नारळी पौर्णिमा किंवा 15 ऑगस्ट, जे आधी येईल तोवर असायची. आता ती 1 जून ते 31 जुलै अशी ठरलेली आहे. 2023 साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली. सरकारी बंदी उठून तेव्हा महिना होत आला होता. म्हातारे नाखवे म्हणतात, माशाला वाढू द्या, थांबा. बंदी 15 ऑगस्टपर्यंत न्या, अशी मच्छीमार संघटनांचीही मागणी आहे. पण शेजारची बोट 1 तारखेला निघाली की आपली खाजणात कोण ठेवील? दर्याची भीती होती तोवर सगळे एकत्र थांबत. तारखेवर आल्यावर प्रत्येकजण तारीख बघतो. देवाचा नेम मोडून सरकारचा आणला की सरकारचा नेम जेवढा सांगतो तेवढाच पाळला जातो, हे मी गाडीतल्या गप्पांतून शिकलो.

या सगळ्यांपेक्षा जबर पहारा मात्र गावकीचा. रायगडात हा शब्द लहान पोरालाही कळतो. देवळाचा उत्सव, पालखी, लग्नाची भांडी, मंडप, स्मशान, सगळं गावकीच्या हातात. गावकी माणसाला उभं करते. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटलांच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली, ती अशा एकजुटीशिवाय राहिली नसती. घरात चूल पेटत नसताना शेजारी फुटला नाही, हे शेजाऱ्याच्या भीतीमुळे किती आणि मनाच्या निश्चयामुळे किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

त्याच गावकीने वर्गणी दिली नाही म्हणून, निवडणुकीत ठराव मोडला म्हणून, दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून, भांडण गावात न ठेवता कोर्टात नेलं म्हणून घरं वाळीत टाकली. दुकानदाराने सामान द्यायचं नाही. गिरणीवाल्याने दळण घ्यायचं नाही. पालखी दाराशी थांबायची नाही. मयताला खांदा द्यायचा नाही. आणि जो बोलेल त्यालाही दंड. कॅमेऱ्याला एवढं जमत नाही. इथे प्रत्येक शेजारी कॅमेरा होतो, आणि त्याच्यावरही दुसरा शेजारी.

एका स्टॉपवरचं हे चित्र मी बरेच महिने पाहिलं. गाव सांगत नाही. सकाळच्या गाडीला दहा-बारा जण उभे असायचे, आणि त्यांच्यापासून चार हात लांब एक बाई, पोराचा हात धरून. गाडीत ती बसली की शेजारची सीट रिकामी राहायची, मागे चारजण उभे असले तरी. एकदा बाहेरगावचा कोणी येऊन बसला, तर मागून कोणीतरी त्याला सांगायला पुढे सरकला. त्या गावात दिवसभरात तिच्याशी बोलणारा माणूस बहुधा मीच असायचो, आणि मी विचारायचो ते फक्त "कुठं?" ती गावाचं नाव सांगायची. मी तिकीट फाडायचो. तिकिटावर तिचंही भाडं इतरांइतकंच असायचं.

देव आणि देवळाचं नाव घेऊन हे चालतं, म्हणून धर्माला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. रेवदंड्याच्या धर्माधिकारींच्या बैठकांमुळे दारू सुटलेली माणसं मी रोज गाडीत पाहिली आहेत. तिथे दासबोधाचं निरूपण होतं, आठवड्याला बैठक, आणि बैठकीतले लोक एकमेकांना ओळखतात. पिऊन बैठकीला जायची लाज वाटते. गावकीतली लाज आणि बैठकीतली लाज एकाच जातीची आहे. फरक एवढाच, की बैठकीतून उठून घरी जाता येतं. गावकीतून कुठे जाणार?

म्हणून माझं मत असं बनलं. चंद्र-सूर्य असोत, कॅमेरा असो, पोलीस असो की गावकी, जो बघतो त्याला बघणारा आणि विचारणारा दुसरा कोणी असेल तरच त्याचं बघणं कामाचं. चंद्र-सूर्यांना जाब विचारता येत नाही. शेखाडीला विचारला नाही. गावकीला विचारायची सोय कायद्याने फार उशिरा केली. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. मग अर्धशतकाहून जास्त काळ काही नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, जुलै 2017 पासून तो लागू आहे. अशा बहिष्कारासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या गावात असं एखादं घर असेल, तर त्या घरातला कोणीही पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतो. त्यांना हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा. आणि गावकीच्या पुढच्या बैठकीला जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: असा ठराव मांडणाराच नव्हे, त्याच्या बाजूने हात वर करणाराही या कायद्यात गुन्हेगार ठरतो.