‘लग्न झालं की थांबेल!’

हे वाक्य मी माझ्या लेकीला किती वेळा ऐकवलं असेल! दर पाळीला ती दोन दिवस पोट धरून पडायची. मी गरम पाण्याची पिशवी द्यायचे, ओवा द्यायचे आणि वर हे वाक्य. बारावीच्या प्रॅक्टिकलला ती चक्कर येऊन पडली. पण सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणून मी निर्धास्त. शेवटी तेविसाव्या वर्षी दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा कळलं, एन्डोमेट्रिऑसिस.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्रच काढलं. गर्भपिशवीच्या अस्तराचे दोन थर. वरचा दर महिन्याला वाढतो, गर्भ राहिला नाही की गळतो, तीच पाळी. खालचा तसाच राहतो, त्यातून नवं अस्तर उगवतं. गळताना थोडं रक्त बीजनलिकांमधून उलटं पोटात जातं. बहुतेक बायकांचं जातं बरं का! दुखण्याचं मूळ तिथे असावं, असं अमेरिकेतल्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलं. मग सगळ्यांनाच का होत नाही? तर एरवी शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी हा केर उचलतात. काहींच्या पोटात मात्र अस्तराच्या पेशी बीजकोशावर, आतड्यावर चिकटून रुजतात. आणि किती हट्टी! स्वतःपुरतं इस्ट्रोजेन स्वतःच तयार करतात. प्रोजेस्टेरॉन ‘आता पुरे’ म्हणतं, ते ऐकत नाहीत. पाळीच्या वेळी तिथेही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर पडायला वाट कुठे? मग सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात, बीजकोशात जुनं रक्त साठून चॉकलेट सिस्ट होते. त्या जागी नव्या नसासुद्धा फुटतात. दुखणार नाही तर काय!

ठिपके बारीक असले तर सोनोग्राफीत दिसत नाहीत, आणि बारीक ठिपक्यांनीही जीव नकोसा होतो. साधारण दहा बायकांत एकीला हे असतं म्हणे. लग्नाने थांबत नाही. गरोदरपणात काहींना आराम पडतो, पण ते दुखणं परत येऊ शकतं.

सध्या ती हार्मोनची गोळी घेते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण कामावर जाते.

हे घराण्यात चालू शकतं, असंही बाई बोलता बोलता म्हणाल्या. परतताना एस.टी.त लेकीने विचारलं, ‘‘आई, तुलाही असंच दुखायचं का गं?’’

दुखायचं. मी माझ्या आईला सांगितलं होतं. लग्न झालं की थांबेल, म्हणाली होती.