किरणांची झळ की रोगाची परतफेरी?

लोणावळ्याच्या बाजारपेठेत दुकान असलेला साठीचा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. प्रोस्टेटच्या कर्करोगावर किरणोपचार होऊन दोन वर्षे लोटली, माणूस पुन्हा गल्ल्यावर बसू लागला, आणि एके सकाळी शौचावाटे रक्त पडले. घरात दोनच तर्क निघतात : मूळव्याध, नाहीतर रोग उलटला. पहिल्याने तपासणी लांबते, दुसऱ्याने झोप उडते.

तिसरी शक्यता सहसा कोणाला सुचत नाही. प्रोस्टेट काय किंवा स्त्रियांचे गर्भाशयमुख काय, दोन्ही गुदाशयाला अगदी खेटून असतात. त्यामुळे किरणांची झळ गुदाशयाच्या भिंतीलाही लागते. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होतात आणि नव्याने फुटतात त्या नाजूक, सहज रक्त देणाऱ्या. हा दाह काही महिन्यांनी, क्वचित कित्येक वर्षांनी प्रकट होतो.

दुर्बिणीच्या तपासणीत बहुतेकदा उलगडा होतो. पण दुर्बिणीला दिसतो तो भिंतीचा केवळ पृष्ठभाग. संशय उरला तर तुकडा काढावा, तर किरणांनी भाजलेली भिंत लवकर भरून येत नाही. तेथे चिघळणारी जखम, प्रसंगी आरपार छिद्रही होऊ शकते. अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड उपयोगी पडते. 1980च्या सुमारास पुढे आलेल्या या तंत्रात दुर्बिणीच्या टोकालाच ध्वनिलहरींचे यंत्र बसविलेले असते. पडद्यावर भिंतीचे पाच थर उजळ-काळे असे आलटून पालटून दिसतात. दाहात भिंत जाडावते, तरी थर बहुधा ओळखू येतात. कर्करोगाची गाठ काळसर दिसते आणि थर मोडीत पुढे सरकते. दाह तीव्र असेल तर मात्र थर पुसट होऊन चित्रही फसवू शकते. तेव्हा त्याच चित्राच्या आधारे नेमक्या जागी सुई घालून पेशी घेतात आणि निर्णय पॅथॉलॉजिस्ट देतो.

मावळात कोणी उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जातो, कोणी पुण्यास. रक्त दिसल्यावर मात्र गाठतो तळेगावचा किंवा लोणावळ्याचा डॉक्टर. किरणे केव्हा, कोठे, किती दिली हे त्याला कागदाशिवाय कळणार कसे? जीएसटीची जुनी चलने जपणाऱ्या घरांत नेमके डिस्चार्ज कार्ड सापडत नाही. ते कार्ड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. चौविहार उपवासाला जोडून तपासणीचा दिवस ठरवू नये. रक्त गेलेल्या शरीराला आधीच अशक्तपणा असतो.

दाहच निघाला तर आर्गॉन वायूच्या साहाय्याने त्या रक्तवाहिन्या दुर्बिणीतूनच बंद करता येतात.