परड्यात धोबी आला का? तारीख लिहून ठेवा

बेळगाव : दसऱ्याच्या आसपास आमच्या परड्यात, नळाजवळच्या ओल्या जागेत एक पाहुणा दिसतो. सडपातळ, शेपटी सारखी वर-खाली हलवणारा. हा धोबी. गेली सहा वर्षं तो पहिल्यांदा दिसला की मी डायरीत तारीख टाकतो.

तो येतो कुठून? पांढरा आणि करडा धोबी हिमालयात आणि त्यापलीकडे वीण करतात. तिकडे थंडीत किडे मिळेनासे झाले की दक्षिणेला उतरतात, मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. म्हणजे थंडीपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा. काळ्या डोक्याचा, ठळक पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी मात्र बारमाही इथलाच. दोघांत गल्लत करू नका.

प्रत्येक बदल म्हणजे स्थलांतर नव्हे. चैत्रात कोकिळ 'येतो' असं आपण म्हणतो, पण तो वर्षभर इथंच असतो. हिवाळ्यात बहुतेक गप्प, विणीचा काळ जवळ आला की नर ओरडायला लागतो. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपल्यावर चमकदार रंग टाकून जवळजवळ मादीसारखा दिसतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा राहतो. पक्षी तोच, अंगरखा वेगळा. पावशाचं 'पेरते व्हा'ही पावसाच्या तोंडावरच जोरात ऐकू येतं.

हे लिहून का ठेवायचं? तीन वर्षांपूर्वी शेजारी घर वाढवताना उंबर तोडला. त्याआधी दर हिवाळ्यात माझ्या डायरीत हळद्याची नोंद आहे, नंतर एकदाही नाही. एका झाडावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण डायरी नसती तर मला फरकसुद्धा कळला नसता. आता आमच्याच परड्यात गाडीसाठी शेड घालायचा विषय निघालाय. शेवगा ठेवायचा की काढायचा, यावर घरात चर्चा चालू आहे. मी डायरी वडिलांसमोर ठेवली आहे.

अशा साध्या नोंदींना किंमत आहे. 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात 942 जातींचा आढावा घेतला गेला, तो सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर. दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो. किमान 15 मिनिटं बघायचं, दिसलेले पक्षी मोजायचे आणि 'ईबर्ड'वर नोंदवायचे. फी नाही.

सुरुवात सोपी आहे. रोज एकाच वेळी दहा-पंधरा मिनिटं बसा. तारीख, पक्षी, संख्या, कुठल्या झाडावर, एवढंच लिहा. नाव येत नसेल तर रंग आणि शेपटी लिहा. उथळ भांड्यात पाणी ठेवा, ते रोज बदला, नाहीतर डास होतील. बेळगाव, इंदूर, बडोदा, प्रत्येक ठिकाणची तारीख वेगळी येईल. तुमच्याकडे यंदा धोबी कधी आला?