सलाईन लावलं की बरा, पुन्हा आजारी? कुत्र्यांमधला ॲडिसन ओळखा

श्वानपालकांनो, कुत्रा खाणं सोडतो, उलट्या-जुलाब होतात, मलूल पडून राहतो. सलाईन लावलं की टुणटुणीत! काही आठवड्यांनी पुन्हा तेच. दर वेळी ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून सोडून देऊ नका, हा ॲडिसन आजार असू शकतो.

🔹 काय बिघडतं? मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि बहुतांश वेळा अल्डोस्टेरॉनही, ही संप्रेरकं पुरेशी बनवत नाहीत. बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथींवर उलटते. अल्डोस्टेरॉन कमी पडलं की रक्तातलं सोडियम घटतं, पोटॅशियम वाढतं.

🔹 कोणाला? तरुण आणि मध्यमवयीन कुत्र्यांना, त्यातही माद्यांना जास्त. स्टँडर्ड पूडलमध्ये विशेष, पण कोणत्याही जातीला होऊ शकतो.

🔹 कधी बळावतो? ताणात. प्रवास, बोर्डिंग, दिवाळीचे फटाके.

🔹 निदान? एसीटीएच चाचणी. आधी रक्त घेतात, एसीटीएचचं इंजेक्शन देतात, तासाभराने पुन्हा रक्त. निरोगी कुत्र्याचं कॉर्टिसॉल वाढतं, ॲडिसनमध्ये ते जवळपास हलत नाही. आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, निकाल चुकू शकतो.

🔹 उपचार? आयुष्यभर प्रेडनिसोलोनचा छोटा डोस. अल्डोस्टेरॉनची उणीव असेल तर जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन गोळ्या किंवा साधारण महिन्याला एक इंजेक्शन. ताणाच्या दिवसांत डोस वाढवावा लागतो, तो डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

🚨 कुत्रा कोसळला, अंग गार पडलं, नाडी मंद झाली, तर थांबू नका. तडक दवाखाना गाठा!

वेळेवर उपचार मिळाले तर ॲडिसनचा कुत्रा पूर्ण आयुष्य मजेत जगतो. आपल्या डॉक्टरांना या चाचणीबद्दल नक्की विचारा.